हौशे, नवशे, गवशे : हौशी छायाचित्रांची पारख कशी करावी?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातल्या काही पुनरुक्ती गाळल्या आहेत. भाषा शक्यतो बोलल्याप्रमाणे ठेवली आहे.)



नाटकाची समीक्षा आपल्याकडे होते, अगदी हौशी नाटकाचीसुद्धा. स्पर्धेत परीक्षक असतात, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, प्रकाशयोजना भडक होती, तिसरा अंक रेंगाळला, असं कोणीतरी लिहितं. गाण्याच्या मैफिलीचंही तसंच. पण हौशी फोटोंबद्दल बोलायची वेळ आली की आपल्याकडे दोनतीन शब्दच उरतात. ‘मस्त’, ‘अप्रतिम’, ‘क्लासच’. आणि एक अंगठा. आज एवढे फोटो काढले जातात, की इतकं दुसरं काही हौसेनं निर्माणच होत नसेल. त्यांच्याविषयी चिकित्सेची भाषा मात्र आपण तयार केलेली नाही. आज मी त्या दिशेनं थोडं बोलणार आहे.

दोन प्रकारचे फोटो मी मुद्दाम एकत्र घेतोय. एक रानातले : पक्षी, प्राणी, फुलं. दुसरे घरातले : बारसं, पहिलं पाऊल, आजीचा हात, रविवारची दुपार. एकत्र का? कारण ते काढणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. सकाळी भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो आणि संध्याकाळी मुलीच्या वाढदिवसाचे. आणि दुसरं कारण महत्त्वाचं आहे. पाखरू आणि लेकरू, या दोघांपैकी कुणीही ‘माझा फोटो काढ’ असं म्हणालेलं नसतं.

आपल्याकडे जत्रेतल्या गर्दीसाठी फार नेमका शब्दप्रयोग आहे : हौशे, नवशे, गवशे. हौशे जत्रा बघायला येतात. नवशे नवस फेडायला येतात. गवशे काहीतरी गवसतंय का ते बघायला येतात. फोटोच्या जत्रेतही हे तिघं आहेत. ‘आज वाघ दिसलाच पाहिजे, पैसे भरलेत’ म्हणून गाडीत बसलेला तो नवशा. पारितोषिक, लाइक, वाहवा गवसेल तिथे धावणारा तो गवशा. आणि हौशा? तो या दोघांच्या गर्दीत हरवत चाललाय. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : हौशी छायाचित्रकाराकडे व्यावसायिकाकडे नसलेलं एक भांडवल असतं, ते म्हणजे वेळ आणि जवळीक. आणि नेमकं तेच तो उधळतोय.

घरापासून सुरुवात करू. उमरावसिंह शेरगिल हे नाव बहुतेकांना चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील म्हणून माहीत असतं. 1870 चा जन्म, पंजाबातल्या मजीठिया सरदार घराण्यातला माणूस. संस्कृत आणि फारसीचा अभ्यासक. पत्नी मारी आंत्वानेत हंगेरियन, गाणारी. अमृता आणि इंदिरा या दोघी मुली बुडापेस्टमध्ये जन्मल्या. उमरावसिंहांनी फोटोच्या धंद्यातून कधी पोट भरलं नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते 1940 च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं, ते आपल्या घराचे आणि स्वतःचे फोटो काढत राहिले. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस, पुन्हा सिमला. घरं बदलली, कपडे बदलले, मुली मोठ्या झाल्या, कॅमेऱ्यामागचा माणूस तोच.

या संग्रहात 1930 चं एक स्वतःचंच छायाचित्र आहे, पंधरा दिवसांच्या उपासानंतर काढलेलं. साठीचा माणूस, अंगावर जवळजवळ काही नाही, उपासानं उतरलेलं शरीर. हे चित्र एकटं बघितलं तर विक्षिप्त वाटेल. पण याच माणसानं सजलेल्या पत्नीचे, वेषभूषा केलेल्या मुलींचे, ईझलपाशी उभ्या असलेल्या अमृताचे फोटो काढलेत हे माहीत असलं की त्याचा अर्थ बदलतो. जी नजर तो घरच्यांवर रोखतो, तीच स्वतःवर रोखतो. स्वतःला सूट देत नाही. 1941 च्या डिसेंबरात अमृता गेल्या, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यानंतर त्या जुन्या फोटोंचं काय झालं असेल त्या घरात, याची कल्पना आपण करू शकतो. फोटो तेच राहिले, बघणाऱ्यांचं बघणं कायमचं बदललं.

उमरावसिंहांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम, यांनी 2001 च्या सुमारास या कौटुंबिक फोटोंना संगणकावर एकमेकांत मिसळून एक मालिका केली. वेगवेगळ्या काळातले आई, आजोबा, मावशी एका चौकटीत आणले. हे शक्य झालं कारण मुळात साठ वर्षांचा ढीग होता. एक उत्तम फोटो असता तर तो भिंतीवर टांगला असता, एवढंच.

फ्रान्समध्ये याच काळात झाक आंरी लार्तिग नावाचा एक मुलगा, 1894 चा जन्म, वडिलांनी दिलेला कॅमेरा घेऊन घरच्यांचे फोटो काढत होता. भावाचे उडण्याचे खटाटोप, जिन्यावरून उडी मारणारी नात्यातली बहीण, मोटारींच्या शर्यती. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याचं प्रदर्शन भरवलं आणि जगाला एकदम ‘बाल-प्रतिभा’ सापडली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की तो काही अडाणी निरागस मुलगा नव्हता. वडील स्वतः जाणकार हौशी होते, घरात छायाचित्रणाची मासिकं होती. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. लार्तिगनं आयुष्यभर शंभरावर अल्बम स्वतः लावले, आणि संग्रहालयानं त्यातून निवडक फोटो सुटे काढून भिंतीवर लावले. अल्बममधून फोटो सुटा काढला की तो ‘कलाकृती’ होतो, पण त्याचे शेजारी जातात. हौशी फोटोची पारख करताना आपण हीच चूक रोज करतो. सुटा फोटो बघतो आणि गुण देतो.

आता कोणी म्हणेल, शेरगिलांचे फोटो तर मांडलेले आहेत. उभं राहा, असं बघ, हा पोशाख घाल. ते ‘सहज’ कुठे आहेत? बरोबर आहे. आणि म्हणूनच मी हे उदाहरण घेतलं. हौशी छायाचित्रणाबद्दल बोलताना आपल्याकडे ‘नैसर्गिक’, ‘सहज टिपलेला’ या शब्दांची फार पूजा होते. पण मांडणी करणं हे पाप नाही. ती लपवणं आणि तिची किंमत दुसऱ्याला भरायला लावणं, हे वाईट आहे. शेरगिलांच्या फोटोत ‘आम्ही फोटोसाठी उभे आहोत’ हे कोणीच लपवत नाही. उलट कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हाच त्या घराचा एक खेळ होता.

याच्या उलट उदाहरण निसर्गाच्या बाजूनं देतो. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमशी जोडलेली वन्यजीव छायाचित्रांची जगप्रसिद्ध स्पर्धा आहे. तिथे 2009 चं सर्वोच्च पारितोषिक एका लांडग्याच्या फोटोला मिळालं. रात्री लाकडी फाटकावरून उडी मारणारा इबेरियन लांडगा. फोटो विलक्षण होता. जानेवारी 2010 मध्ये परीक्षकांनी ते पारितोषिक परत घेतलं, कारण हा लांडगा माणसाळलेला असण्याची दाट शक्यता आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. छायाचित्रकारानं आरोप नाकारला. पुन्हा 2018 मध्ये याच स्पर्धेत, वाळवीच्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊचा एक पारितोषिकप्राप्त फोटो बाद झाला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांचं मत पडलं. तिथेही छायाचित्रकारानं इन्कार केला.

यात गंमत काय आहे बघा. फोटो आधी होता तसाच नंतरही होता. एकही बिंदू बदलला नाही. तरी तो उत्तम होता तो बाद झाला. म्हणजे निसर्गाच्या फोटोचं मूल्य फक्त चौकटीत नसतं. चौकटीच्या बाहेर काय घडलं, तो प्राणी तिथे का होता, काय करत होता, यावर ते टेकलेलं असतं. फोटोसमीक्षा करताना प्रकाश, रंग, रचना यांच्याबरोबर हा प्रश्नही विचारावाच लागतो. तो नीतीचा प्रश्न तर आहेच, पण फोटो कळण्यासाठीसुद्धा तो लागतो.

आता आपल्या देशातल्या रानाकडे येऊ. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतात वनखात्यात अधिकारी होते. बंदुकीची हौस सर्वमान्य होती त्या काळात यांना कॅमेऱ्याची हौस. 1920 च्या दशकात त्यांनी रानवाटेवर तार लावून, वाघाचा पाय लागताच फ्लॅश उडून फोटो निघेल अशी योजना केली. 1927 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या फ्लॅशनं वाघ दचकत असणार, हे आपण मान्य केलं पाहिजे. पण त्या फोटोंनी एक गोष्ट दाखवून दिली : दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. आज जंगलात झाडांना कॅमेरे बांधून वाघ मोजतात, ते याच तत्त्वावर. म्हणजे एका हौशी माणसाच्या फोटोतून पुढे विज्ञान उभं राहिलं. फोटो देखणे होते म्हणून नव्हे. कुठे, केव्हा, कोणता वाघ, हे त्यात होतं म्हणून.

दुसरे मद्रासचे एम. कृष्णन, 1912 ते 1996. ते लेखक होते, निसर्गअभ्यासक होते. 1950 पासून अखेरपर्यंत ‘द स्टेट्समन’मध्ये त्यांचं सदर चालू होतं. फोटो कृष्णधवल. कॅमेरा वेगवेगळे भाग जुळवून स्वतः तयार केलेला, अवजड. त्यांच्या फोटोत हत्ती पूर्ण दिसतो, पण हत्तीबरोबर गवत दिसतं, बांबू दिसतो, चढ दिसतो. जनावर राहतं कुठे हे कळतं. आजचा आपला हौशी फोटो बघा. सहाशे मिलिमीटरची लेन्स, पाठीमागे हिरवा किंवा तपकिरी गुळगुळीत पडदा, समोर पक्ष्याच्या डोळ्यातली चमक. सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण तो पक्षी बाभळीवर बसला होता की वडावर? शेत होतं की माळ? काहीच कळत नाही. एखाद्या स्टुडिओत पडद्यापुढे बसवावं तसा तो खंड्या बसलेला असतो. कृष्णन यांचा फोटो बघून त्या जागेबद्दल चार वाक्यं लिहिता येतात. आपला फोटो बघून फक्त लेन्स किती महाग होती ते सांगता येतं.

(हशा)

हसू नका, कारण पुढे हसण्यासारखं नाही. या गुळगुळीत फोटोसाठी जवळ जावं लागतं. नवरंग पक्षी जूनच्या सुमारास आपल्याकडे येतो, हद्द ठरवतो, घरटं करतो. आता मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवली की तो बाहेर येतो, कारण त्याला वाटतं दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, हद्द राखायला, न दिसणाऱ्या शत्रूवर धावतो. एका सकाळी पाच जण आले आणि पाचांनी शीळ वाजवली की त्याची सकाळ गेली. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते. एप्रिल-मेच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवते. आपण घरट्यापासून दहा पावलांवर बैठक मारली की ती लांब उभी राहून ओरडत बसते, आणि अंडी उन्हात भाजतात. झाडावरच्या घरट्यासमोरची ‘आड येणारी’ डहाळी कोणी कापली की सावली गेली आणि कावळ्याला वाट मोकळी झाली. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फोटोत दिसते ती चोच उघडलेली पिल्लं, आणि खाली प्रतिक्रिया : ‘मातृत्व!’

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते आपण बातम्यांत वाचलंय. एफ-2 नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे, आणि त्यांची वाट अडवून उभ्या पर्यटकांच्या गाड्या. चित्रफीत पसरली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. दोष चालकांवर गेला. पण गाडीत हातात कॅमेरे आणि मोबाइल घेऊन बसलेले कोण होते? आपल्यासारखीच माणसं. नवशे.

(श्रोत्यांतून प्रश्न : पण अशा फोटोंमुळेच लोकांना निसर्गाची ओढ लागते ना? फोटो नसते तर वाघासाठी कोण बोललं असतं?)

प्रश्न अगदी रास्त आहे. ओढ लागते, हे खरं. पण ओढ कशाची लागते ते बघू. वाघाच्या चेहऱ्याचे दहा हजार फोटो बघून दहा हजार एकावा काढायची ओढ लागते. ताडोब्याच्या गाड्यांची आरक्षणं भरतात, गावाबाहेरच्या माळरानाला मात्र आपण ‘पडीक’ म्हणतो आणि तिथे भराव पडतो तेव्हा गप्प बसतो. त्या माळावरच्या चंडोलाचा, रातव्याचा फोटो कोणी काढलेला नसतो. खरा उपयोग कसा होतो ते सांगतो. 2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. तो तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर उभा आहे. यातले बहुतेक हौशी. कोणता पक्षी, कुठे, कोणत्या दिवशी, किती. अशा नोंदीला जोडलेला धूसर फोटोसुद्धा पुराव्याचं काम करतो. तो कोणत्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल. माझ्या दृष्टीनं तो हौशी छायाचित्रणाचा उत्तम नमुना आहे.

आता पुन्हा घरात येऊ, कारण घरातही हीच कथा आहे. ज्यांच्याकडे साठ-सत्तरच्या दशकातले अल्बम आहेत त्यांनी ते काढून बघा. आग्फा क्लिक थ्री हा साधा डबा कॅमेरा अनेक घरांत होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्याला भरपूर ऊन लागायचं, त्यामुळे सगळं कुटुंब अंगणात, गच्चीवर, डोळे बारीक करून उभं. फिल्म महाग, म्हणून प्रसंग असल्याशिवाय फोटो नाही. परिणाम असा की त्या अल्बमांत अंधारं स्वयंपाकघर जवळजवळ नाहीच. आणि ज्या बाईचा दिवस त्या स्वयंपाकघरात गेला ती सणाच्या साडीतच दिसते. शिवाय कॅमेरा ज्याच्या हातात तो घरचा पुरुष बहुतेक फोटोंत गैरहजर. तेव्हा हे तंत्राच्या मर्यादेमुळे झालं असं म्हणता येत होतं. आज मोबाइल ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढतो. बारा नाही, बारा हजार फोटो मावतात. तरी स्वयंपाकघर अल्बममध्ये आलंय का? आलंय ते ताटाचा फोटो म्हणून. भाकरी दिसते, भाकरी थापणारे हात दिसत नाहीत.

आणि लेकरं. लहान मुलाला ‘परत एकदा पड, परत एकदा हस’ म्हणून तोच क्षण तीन वेळा करायला लावणं, आणि नवरंगाला शीळ वाजवून बोलावणं, यात मला फारसा फरक दिसत नाही. मूल मोठं होईल तेव्हा त्याचा आंघोळीचा, रडण्याचा, रुसण्याचा फोटो चारशे लोकांच्या गटात फिरून आलेला असेल. त्याला कोणी विचारलं नव्हतं. शेरगिलांच्या मुली कॅमेऱ्यासमोर सजून उभ्या राहायच्या, पण ते फोटो घरात राहायचे. हा फरक मोठा आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. मोबाइलच्या फोटोत तारीख, वेळ आणि परवानगी दिली असेल तर जागाही आपोआप नोंदलेली असते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की ही नोंद पुसली जाते आणि फोटोचा दर्जाही घसरतो. म्हणजे आज आपल्या बहुतेक कुटुंबांचा इतिहास पुसलेल्या फोटोंच्या रूपात एकमेकांच्या मोबाइलवर पडून आहे. जुन्या फोटोच्या पाठीवर शाईनं लिहिलेलं असायचं : ‘चि. अमुक, वय 3, नाशिक, दिवाळी’. ती एक ओळ आपण गमावली. पन्नास वर्षांनी ‘ही कोण?’ असं विचारलं तर सांगणारं कोणी नसेल.

तेव्हा हौशी फोटोची पारख करताना मी काय बघतो ते सांगून थांबतो. पहिलं, कॅमेरा नसता तर हे पाखरू किंवा हे लेकरू आत्ता काय करत असतं? फोटोमुळे त्याचं काही बिघडलं का? दुसरं, फोटो मला जागा, वेळ, नाव यातलं काही सांगतो का? दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागा जाहीर करू नये, हे खरं. पण स्वतःच्या वहीत ती असायला हवी. तिसरं, या फोटोचे शेजारी कुठे आहेत? तोच तांबट गेल्या वर्षी त्याच झाडावर होता का? तीच आजी दहा वर्षांपूर्वी त्याच खिडकीत कशी बसायची? आणि चौथं, चौकटीत कोण नाही, आणि का नाही? तंत्र यानंतर. तंत्र शिकता येतं, चांगले वर्ग आहेत, स्पर्धांनी हात सुधारतो, त्याला माझा विरोध नाही.

व्यावसायिकाला पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जायचं असतं. त्याला एकच फोटो आजच हवा असतो. हौशाला कोणी घाई केलेली नाही. तुमच्या गच्चीवरून दिसणारं एक झाड वर्षभर, आठवड्यातून एकदा, एकाच जागेवरून टिपा. पानं कधी झडली, बहर कधी आला, कोणता पक्षी कधी आला, खाली तारीख लिहा. घरातल्या एका माणसाचा फोटो, तो रोजचं काम करत असताना, त्याला विचारून, दर महिन्याला एक. यातला एकही फोटो कदाचित ‘अप्रतिम’ निघणार नाही. पण पाच वर्षांनी ते बावन्न गुणिले पाच फोटो एकत्र समोर ठेवले, तर तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे जगातल्या कुठल्याही मोठ्या छायाचित्रकाराला काढता येणार नाही, कारण तो तिथे राहत नाही.